बोटीसाठी लग्न

२२ नोव्हेंबर १९९३

साहेबांना वाडी आवडली. विजेचे खांब आवडले नाहीत!

"नीलिमा, गोऱ्या लोकांनी एवढा समुद्र ओलांडून खांब बघायला यायचं का?" खांबांना अजून तारासुद्धा नाहीत, तरी खुपले. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. वाडीचा म्होरक्या वाळू. त्याला सांगून टाकलं, तारा ओढायला माणसं आली की म्हणावं आता नको, उन्हाळ्यात या. परदेशी पाहुण्यांच्या बोटींचा हंगाम संपला की. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाय, आमी दोन वरीस झाला वाट बगतो." मग आणखी सहा महिने बघ! अंधाराची सवय आहेच की.

खांबांना गवताच्या पेंढ्या बांधून घेतल्या. लांबून झाडं वाटतात.

२५ नोव्हेंबर

फोर्टच्या ऑफिसात हेमचंद्र साहेबांचं व्याख्यान. गेला हिवाळा दंगल आणि बॉम्बमध्ये गेला, एक बोट फिरकली नाही. यंदा आठ यायच्यात. एक बोट धक्क्याला लागली की टॅक्सीवाला, गाईड, गालिचेवाला, हॉटेल, फुलवाला, सगळ्यांची चूल पेटते म्हणे. "पैसा वरून खाली झिरपतो, नीलिमा. मुंबईतून तुझ्या उल्हासनगरात, तिथून वाडीपर्यंत." आम्ही तिघं-चौघं माना डोलावत होतो. माझी मान सगळ्यात जास्त, कारण हंगाम नीट पार पडला तर मला फोर्टच्या ऑफिसात कायम करणार आहेत. अंबरनाथच्या कारखान्यात सहा वर्षं टायपिंग करून बोटांची हाडं झिजली. आता पुरे.

साहेबांची कल्पना अशी: बोटीतल्या चाळीस-पन्नास हौशी पाहुण्यांना बसने बदलापूरच्या वर ठाकरांच्या वाडीवर आणायचं. खरी आदिवासी वाडी! तासभर नाच, नारळपाणी, संध्याकाळी परत बोटीत. वाडी माझ्या ताब्यात.

३० नोव्हेंबर

घरटी साबणाच्या दोन-दोन वड्या वाटल्या. अंगाला धुराचा वास नको, पाहुण्यांना शिंका येतात. सरू नावाची एक बाई वडी हुंगून म्हणाली, "खायाचा हाय का?" मी इतकी हसले की ड्रायव्हरपण हसायला लागला. ती पण हसली. तिची मुलगी ठमी मात्र हसली नाही, वडी आईच्या हातातून घेऊन आत गेली. मुलगी दिसायला बरी आहे. ध्यानात ठेवायला हवी.

३ डिसेंबर

पहिली बोट. फज्जा!

नाच झाला, पण पाहुण्या जांभया देत होत्या. एका म्हाताऱ्याने गाईडला विचारलं, इथे कुणाचं लग्नबिग्न नाही का? साहेबांनी तेवढंच ऐकलं. परतताना बसच्या पायरीवर उभे राहून मला म्हणाले, "एकोणीस तारखेच्या बोटीला लग्न हवं. खरं. नाटक नको, ह्या लोकांना लगेच कळतं."

७ डिसेंबर

नशीब बघ! ठमीचं लग्न ठरलेलंच आहे. मुलगा देऊ, वांगणीकडे वीटभट्टीवर गेलाय. वैशाखात, भट्टी संपल्यावर करायचं होतं. मी म्हटलं, आता करा, सगळा खर्च बोटीचा. मांडव, जेवण, लुगडी, सगळं. वाडी नुसती उसळली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला नको असतं?

फक्त तुळशी म्हातारी अडली. ती धवलारीण. यांच्यात भटजी नसतो, ही बाई धवले गाते आणि लग्न लागतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोरा केवढा! "बाय, धवला म्हंजे गम्मत नाय. हळद लागली, धवला झाला का लगीन झाला. मागं फिरता येत नाय." मी म्हटलं, म्हातारे, खरं लग्नच हवंय मला. मग तिने माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "मांडव तुजा, तर शबूदपन तुजा."

ठमी दारामागून ऐकत होती. पहिल्यांदा हसताना दिसली. दात चांगले आहेत, फोटोत येतील.

९ डिसेंबर

दादांशी भांडण. जेवता जेवता सांगितलं लग्नाचं, मला वाटलं लेकीचं ऐकून हसतील. हातातला घास खाली ठेवला.

"गावात कुणाचंही लग्न असो, आपल्या बापजाद्यांनी वरातीपुढं पळायचं आणि उष्ट्याची वाट बघत बसायचं. छप्पन साली आम्ही ते गावकीच्या तोंडावर फेकून आलो, नीलू. आणि तू दुसऱ्यांना लोकांपुढं नाचवतेस?"

मी म्हटलं, आपण नाचत होतो, आता मी नाचवते. ह्यालाच प्रगती म्हणतात, दादा! ते उठले आणि न जेवता बुवापाड्याच्या विहाराकडे निघून गेले. आमटी मीच संपवली. आई असती तर तिने मला एक लगावली असती. पण आई नाही.

१४ डिसेंबर

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, परसूमलच्या दुकानात. पांढरी लाल काठाची लुगडी घेतली, मुंडावळ्या घेतल्या. हळद घ्यायला दुसरीकडे निघाले तर हा म्हणतो, "बेन, हल्दी काय को? फोटो में फीकी आती है. ये कलर ले जाओ. दुल्हन का बाप मर जाएगा, ये कलर नहीं मरेगा." कपडे रंगवायच्या कारखान्यातली पूड. पाण्यात टाकली तर काय पिवळी! डोळे दिपले. शिवाय हळदीपेक्षा स्वस्त. डबा भरून घेतला, वर हळदीच्या चक्कीचा कागद गुंडाळला. हेच तर उल्हासनगर!

१७ डिसेंबर

दाढ दुखते. लवंग धरून बसले आहे.

१९ डिसेंबर

झालं! कसं झालं ते मलाच माहीत.

देऊला भट्टीच्या शेठने सकाळी सोडायचं कबूल केलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले, पत्ता नाही. ठमी सकाळपासून न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून मांडवात. खाली वळणावर बस दिसली आणि त्याच वेळी मागच्या पायवाटेने हा देऊ आला. पळत आला होता. अंगभर विटांची लाल धूळ, डाव्या हाताला भाजल्याची चिंधी, एक डोळा सुजलेला. शेठने मारलं होतं की काय कोण जाणे. हा नवरदेव? असा फोटो छापून आला तर पुढच्या बोटीतून कोण उतरेल?

म्हणाला, "पानी द्या, धुतो अंग." बस पाच मिनिटांवर! मी त्याला बसच्या पार्किंगमागे, करवंदीच्या जाळीत बसायला सांगितलं. "उठायचं नाही. नंतर बघू." आणि वाडीतल्याच पदूला ओढला. पदू उंच, खांदे रुंद, मिशी झकास. त्याला बायको आहे, एक पोर आहे. म्हटलं, तासभर बस रे, फोटोपुरता. तो दात काढत बसला. मुंडावळ्यांच्या वर टॉवेल घालून तोंड झाकलं. वाडीतली माणसं कुजबुजायला लागली तेव्हा मी म्हटलं, बोरिंग हवंय ना? साहेबांनी पाण्याचं बोरिंग कबूल केलंय ना? मग गप! गप्प झाली. तुळशीला दिसत नाही. तिने गायला सुरुवात केली.

काय गाते म्हातारी! अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. बायकांनी हळद लावली, म्हणजे माझी पूड. ठमीने खाली मानेने नवऱ्याचे पाय बघितले आणि तिला कळलं, हे देऊचे नाहीत. उठायला गेली. मी मागे उभी राहून तिचा खांदा दाबून धरला. मग ती रडायला लागली, आवाज न करता. आणि पाहुण्या वेड्या झाल्या! "रिअल टीअर्स!" कॅमेरे नुसते कडकडत होते. एक म्हातारी स्वतः रडली. दहा-बारा जणींनी हातावर, गालावर हळद लावून घेतली.

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

बस निघताना करवंदीच्या जाळीत बघितलं. देऊ सांगितल्या जागीच बसला होता, कानांवर हात ठेवून.

२० डिसेंबर

माझ्या साडीवर त्या पुडीचे डाग. साबण लावून घासले. हळदीचा डाग साबणाने लालभडक होतो, शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. हा पिवळा तो पिवळाच! परसूमल खोटं बोलला नाही. साडी गेली, पण माल एक नंबर.

२४ डिसेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काही पाहुण्यांच्या अंगावर चट्टे उठले, एकीचा गाल सुजला. बोटीच्या डॉक्टरने विचारणा केली आहे. "हळद कुठली होती?" बदलापूरच्या चक्कीवरची, अस्सल, माझ्यासमोर दळलेली. "शब्द देतेस?" देते. "मग मी तुझ्या भरवशावर त्यांना लिहून देतो. यात गडबड निघाली तर बोटवाले मला सोडतील आणि मी तुला."

बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

२७ डिसेंबर

वाडीवर नवीन तमाशा. ठमीला पदूच्या घरी जायला सांगताहेत! म्हणे हळद लागली, धवला झाला, लग्न झालं. ज्याच्यासंगं लागली तो नवरा. पदूची बायको पोर घेऊन माहेरी निघून गेली. ठमी म्हणते जीव गेला तरी जाणार नाही, देऊच पाहिजे. तुळशीने चूल पेटवली नाही तीन दिवस, आपल्या गळ्याला शिव्या देत बसली आहे. परवा पंचांनी मला बोलावलं आहे. मला!

गंमत म्हणजे लग्न झालेलंच नाही. हळद होतीच कुठे? अख्ख्या जगात हे एकट्या मला ठाऊक. परसूमलने पूड विकली, पण ती कुठल्या लग्नात लागली ते त्यालाही माहीत नाही.

२९ डिसेंबर

गेले. ड्रायव्हर बरोबर होता, तो साहेबांचा कान. दगडावर बसून विडी ओढत सगळं ऐकत होता.

मोठ्या आंब्याखाली वाडी जमलेली. देऊ एका बाजूला, हात अजून चिंधीत. ठमी समोर. दहा दिवस झाले तरी अंगावर तेच लुगडं, पिवळेजर्द डाग तसेच! साबण वाटला होता, लावला असेल तर शपथ. पदर दोन्ही मुठींत धरून माझ्यापुढे पसरलेला, जसं काही मला विकायला आणलंय. आणि डोळे माझ्या तोंडावर. चीड आली. इतकं टक लावून बघायचं काय त्यात?

वाळू म्हणाला, "मांडव तुमचा, हळद तुमची. आमच्यात ज्याचा मांडव त्याचा शबूद, मग कुनी काय बी सांगू दे. म्हनून इचारतो बाय. हळद व्हती ना ती?"

एक शब्द! 'रंग' म्हटलं की संपलं. ठमी देऊकडे, पदूची बायको घरी, म्हातारी वैशाखात परत गाईल. जिभेवर आला होता शब्द, खोटं कशाला लिहू. ड्रायव्हरने विडी विझवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हळदच. बदलापूरच्या चक्कीवरची."

तुळशी म्हणाली, "आनखी येकदा सांग बाय. नीट आटवून सांग." काय कटकट! मी मोठ्याने सांगितलं, हळद, हळद, हळद! बहिऱ्या आहात का सगळे?

ठमीने पदर सोडला. उठली आणि सरळ पदूच्या खोपटाकडे चालायला लागली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. देऊ दुसऱ्या बाजूने उतरला. मला वाटलं होतं रडारड होईल, माझे पाय धरतील, निदान शिव्या तरी देतील. काहीच नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या, एखादी वस्तू बघावी तशा. वाळूने पाणीसुद्धा विचारलं नाही. उद्धट लोक.

३१ डिसेंबर

दादा विचारत होते, वाडीवर काय झालं. म्हटलं, काही नाही.

११ फेब्रुवारी १९९४

पाचवी बोट. लग्न आता नाटकातलंच करतो, पदू आणि कुणीतरी मुलगी, हळदीशिवाय. ठमी नाचायलाही येत नाही. वाळू निरोप देतो, "तिला बरा नाय." बरं नसायला काय झालं? नवरा मिळाला, उंच, मिशीवाला!

२ एप्रिल

कायम झाले! फोर्टच्या ऑफिसात टेबल, टेबलावर फोन. दादांना पेढा दिला. त्यांनी हातात घेतला, खाल्ला नाही, खिडकीत ठेवला. मुंग्या लागल्या. लागू देत.

बोरिंगचं साहेबांना विचारलं. "पुढच्या हंगामात बघू." विजेच्या तारासुद्धा अजून ओढल्या नाहीत. यंदाचं काम वीज मंडळाने दुसऱ्या वाडीला दिलं, कारण इथल्यांनीच 'आता नको' म्हटलं होतं.

२८ सप्टेंबर

सुरतेत प्लेग. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. फोन दिवसभर वाजतोय.

१० ऑक्टोबर

एकही बोट येणार नाही. मुंबई गाळून थेट कोलंबोला जाणार म्हणे. प्लेग सुरतेत आणि फटका इथे! गालिचेवाले दुपारी दुकानात झोपा काढतात. गाईड लोक ऑफिसच्या जिन्यावर बसून असतात. परसूमलकडे मी हंगामासाठी सांगून ठेवलेली लुगडी ढिगाने पडली आहेत. मला बघून शटर अर्धं खाली ओढलं, मग परत वर केलं आणि म्हणाला, "बेन, मैं तो मर गया. आपका तो साहेब है, आपको क्या."

१९ ऑक्टोबर

साहेबांनी काढून टाकलं. हसत हसत, चहा पाजून. "धंदाच नाही, मी तरी काय करू?"

मी म्हटलं, साहेब, मी तुमच्यासाठी काय काय केलं. तर म्हणतात, "हो हो, ती हळद ना? डुप्लिकेट होती, मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्या कॅम्पातला माल, दुसरं काय असणार! दोन म्हाताऱ्यांना मलम पाठवलं, विषय संपला." मग मला शब्द द्यायला का लावलात? "विचारावं लागतं गं. ऑफिसची पद्धत असते."

जिन्यावर बसलेल्या गाईड लोकांमधून वाट काढत खाली उतरले. पंचांसमोर मी ज्याला घाबरले, ते कधी नव्हतंच! त्या ड्रायव्हरच्या विडीला घाबरले मी. संताप संताप झाला. स्वतःचा नाही, साहेबांचा. की स्वतःचाही, कळत नाही.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "जेवून घे."

१३ नोव्हेंबर

बदलापूरच्या बाजारात ठमी! करांद्याचे रानकंद विकत बसली होती, ढिगाऱ्याशेजारी गोणपाटावर. पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा महिना असेल. अंगावर तेच लुगडं, बोटीचं. मी मान वळवून निघाले होते, तिनेच हाक मारली. "बाय, करांदं घे." ओळख न दाखवता म्हटलं, नको.

"वळखलास नाय?" ती अजिबात चिडलेली नव्हती. ते जास्त वाईट. पदर पुढे धरला, तसाच, दोन्ही मुठींत. "बग. किती येला साबन लावला. आयनं दुसरेच दिशी नदीवर धुतला, समद्या बायांच्या म्होरं. आजून पिवला."

मला वाटलं, मालाची तक्रार करते आहे, वर्षभराने! मी म्हटलं, चांगला पक्का रंग आहे, तुला काय त्रास? तोंडातून निघून गेलं, 'रंग'. ती नुसती बघत राहिली. मग करांद्यांवरची माती पुसायला लागली.

देऊचं विचारलं. "भट्टीवरना आलाच नाय."

१४ नोव्हेंबर

सकाळी आमटीची हळद पदरावर सांडली. मोरीत साबण लावला. लालभडक.

हातात पदर धरून किती वेळ उभी होते. त्यांना माहीत होतं. नदीवर दुसऱ्याच दिवशी सगळ्या बायकांना, संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला. पंचात तो पदर मला दाखवायलाच धरला होता. त्यांना कळून घ्यायचं नव्हतंच काही. मांडव माझा म्हणून शब्द माझा हवा होता, एवढंच, आणि त्यांनी दोनदा विचारला.

साबण मीच वाटला होता. घरटी दोन वड्या. झिरपत झिरपत वाडीपर्यंत पोचलं ते तेवढंच.